सॉलिसिटरचं बिल कोटच्या दुप्पट आलं तर? (इंग्लंड-वेल्स)

रीडिंगकर (धागाकर्ता)

घर घेणाऱ्यांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. सॉलिसिटरचा, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम करणाऱ्या वकिलाचा, कोट (आधी सांगितलेला भाव) हजार-अकराशे पौंडांचा असतो आणि चावी हातात पडायच्या आठवड्यात बिल येतं दुप्पट-अडीचपट. दर वेळी नव्याने सुरुवात करण्यापेक्षा एक नमुना बिल समोर ठेवतो, त्याचीच चिरफाड करू. आकडे मी बसवलेले आहेत, पण ओळी साधारण अशाच असतात.

लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट, किंमत ३,८५,००० पौंड, मॉर्गेज काढून, डिपॉझिटचा काही भाग पुण्याहून आईवडिलांनी दिलेला. कोट १,१५० अधिक व्हॅट, म्हणजे १,३८०. सर्च (मालमत्तेच्या नोंदींची चौकशी), लँड रजिस्ट्री (मालकी नोंदणी) आणि स्टँप ड्यूटी वेगळी, त्याबद्दल तक्रार नाही. आलेलं बिल:

मूळ फी: १,१५०
लीजहोल्ड सप्लिमेंट: ३५०
गिफ्टेड डिपॉझिट: १५०
लेंडरचं काम: १९५
स्टँप ड्यूटी रिटर्न: ९५
जादा काम, ३.८ तास, ताशी २७५ ने: १,०४५
बँक ट्रान्सफर, ४० चे दोन: ८०
ओळख तपासणी, १८ च्या तीन: ५४

बेरीज ३,११९. व्हॅट ६२३.८०. देणं ३,७४२.८०.

यातलं काय भांडण्यासारखं आहे, कुणाकडे आणि किती दिवसांत? जाणकारांनी लिहावं. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे, ती इथे मिसळू नये.

हिशेबनीस

चांगला नमुना घेतलात. बिल हातात आलं की "एवढं कसं?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहा: हे कोट देताना त्यांना माहीत होतं का?

लीजहोल्ड सप्लिमेंट घ्या. फ्लॅट लीजहोल्ड आहे हे इस्टेट एजंटच्या मेमोरँडम ऑफ सेलवर, म्हणजे विक्री ठरल्याच्या कागदावर, पहिल्याच दिवशी असतं. मॉर्गेज आहे हे तर कोटसाठी भरलेल्या फॉर्मवरच असतं. म्हणजे ३५० आणि १९५ या दोन्ही रकमा कोटमध्ये सांगता आल्या असत्या. लीजहोल्डला काम खरंच वाढतं, मॅनेजमेंट पॅक (इमारतीच्या व्यवस्थापनाची कागदपत्रं) वाचावा लागतो, ग्राउंड रेंट आणि सर्व्हिस चार्ज तपासावा लागतो, फ्रीहोल्डरला (मूळ मालकाला) नोटीस द्यावी लागते. पण काम खरं असणं आणि भाव आधी सांगितलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गिफ्टेड डिपॉझिटचे १५० मात्र मी सोडून देईन, निदान शेवटी ठेवीन. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांखाली पैसे कुठून आले ते बघणं सॉलिसिटरला भाग आहे. आईवडील पुण्यात, एफडी मोडलेली, रक्कम एलआरएसखाली (भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवलेली: म्हणजे दोघांचे पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंट, एफडी मोडल्याची पावती, पैसे बाहेर पाठवताना बँकेत भरलेला ए२ फॉर्म, आणि "ही भेट आहे, घरात आमचा हक्क नाही" असं पत्र. यात तास-दीड तास सहज जातो. ओळख तपासण्या तीन का, त्याचंही उत्तर इथेच आहे: एक खरेदीदार, दोन दाते.

स्टँप ड्यूटी रिटर्नचे ९५ हा तर नेहमीचा चिमटा. कम्प्लिशननंतर (खरेदी पुरी होऊन घर ताब्यात आल्यानंतर) १४ दिवसांत रिटर्न भरायचाच असतो, खरेदीच्या प्रत्येक फाइलमध्ये तो असतो. "जादा" कसला?

ट्रान्सफर फीचं नाव बघा. ती "डिस्बर्समेंट" या मथळ्याखाली टाकली असेल तर हरकत घ्या. डिस्बर्समेंट म्हणजे तुमच्या वतीने तिसऱ्याला जसेच्या तसे दिलेले पैसे, उदाहरणार्थ लँड रजिस्ट्रीची फी किंवा स्टँप ड्यूटी. त्यावर फर्म व्हॅट लावत नाही. बँकेचा खर्च हा फर्मचा स्वतःचा खर्च, त्यावर फर्मचा नफाही चढलेला असतो, म्हणून तो फीमध्येच धरायचा आणि त्यावर व्हॅट लागतो. या बिलात तो फीमध्ये आहे, तेव्हा व्हॅट बरोबर. वाद घालायचा तर तो आधी सांगितला होता का, एवढ्यावरच.

खडूस_कारकून

खरी गंमत १,०४५ च्या ओळीत आहे. "जादा काम ३.८ तास" यावरून काहीच कळत नाही. टाइमशीट मागा.

इथले सॉलिसिटर सहा मिनिटांच्या युनिटमध्ये वेळ लिहितात, तासाला दहा युनिटं. ताशी २७५ म्हणजे युनिट २७.५० चं. ३.८ तास म्हणजे ३८ युनिटं. टाइमशीट आली की ती बहुधा अशी उलगडते:

आलेल्या ईमेल २२, प्रत्येकी १ युनिट: ६०५
पाठवलेल्या ईमेल ९, प्रत्येकी १ युनिट: २४७.५०
मॅनेजमेंट पॅक वाचन, ७ युनिटं: १९२.५०

म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे तुमच्याच "काही अपडेट?" छापाच्या ईमेल वाचण्याचे. कोर्टात कॉस्ट्स तपासताना सिव्हिल प्रोसिजर रूल्सच्या प्रॅक्टिस डायरेक्शन ४७ मध्ये साधा दंडक आहे: साधं पत्र, ईमेल किंवा फोन बाहेर गेला की सहा मिनिटांचं एक युनिट, आलेलं पत्र वाचणं त्यातच धरलेलं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पोस्टेज, फोन आणि नेहमीच्या झेरॉक्सही सहसा वेगळ्या मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट आद्याक्षरांची. टाइमशीटवर प्रत्येक नोंदीपुढे काम करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. ती पॅरालीगलची (सॉलिसिटर नसलेल्या मदतनीसाची) असतील आणि दर पार्टनरचा लावला असेल, तर क्लायंट केअर लेटरमधला (काम घेताना फर्मने दिलेलं अटींचं पत्र) दरांचा तक्ता काढून ताडून बघा. अंदाज यावा म्हणून: कोर्टाच्या २०२५ च्या मार्गदर्शक दरांत लंडनबाहेरच्या पहिल्या गटात आठ वर्षांहून जास्त अनुभवाचा सॉलिसिटर २८८ पौंड, ट्रेनी किंवा पॅरालीगल १३९ पौंड. सेंट्रल लंडनच्या बड्या व्यापारी कामात वरचा दर ५६६.

टेम्सकाठ

@खडूस_कारकून, एक दुरुस्ती. तो दंडक कोर्टातल्या वादांच्या खर्चासाठी आहे. घरखरेदी, मृत्युपत्र, प्रोबेट (मृताच्या मालमत्तेची निरवानिरव) ही "नॉन-कंटेन्शियस", म्हणजे कोर्टातला वाद नसलेली कामं, त्यांना २००९ चा रेम्युनरेशन ऑर्डर (फीबद्दलचा आदेश) लागतो. त्यात कसोटी एकच: फी सगळ्या परिस्थितीत रास्त आहे का. काम किती गुंतागुंतीचं, किती कौशल्याचं, किती वेळ लागला, कागद किती, मालमत्तेची किंमत किती, ग्राहकाला त्याचं महत्त्व किती, आणि ग्राहकाने मान्यता दिली होती का, हे बघतात. मार्गदर्शक दरसुद्धा मुळात हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला किती द्यायचं त्यासाठी आहेत. तेव्हा "नियमानुसार आलेल्या ईमेलचे पैसे घेता येत नाहीत" असं तक्रारीत लिहू नका, समोरचा एका ओळीत उडवून लावेल. "हा भार रास्त नाही आणि क्लायंट केअर लेटरमध्ये त्याचा उल्लेख नाही" असं लिहा. उल्लेख असेल तर मुद्दा बराच पातळ होतो.

खडूस_कारकून

मान्य. मोजपट्टी म्हणून वापरा, कायदा म्हणून नको.

टेम्सकाठ

आता मूळ मुद्दा, कोट (पक्का भाव) की एस्टिमेट (अंदाज). कागदावर कोणता शब्द आहे ते बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. "फिक्स्ड फी" असेल तर त्यात कोणतं काम धरलंय आणि कोणतं वगळलंय ती यादी सापडेपर्यंत वाचा. बहुतेक "जादा" ओळी त्या वगळलेल्या यादीत, चौथ्या-पाचव्या पानावर बारीक अक्षरात असतात. तिथे रकमेसकट असतील तर फर्मची बाजू भक्कम. "इतर जादा काम ताशी दराने" एवढंच असेल तर दर ठरला, आकडा नाही.

एस्टिमेट ओलांडलं म्हणजे वरचे पैसे आपोआप बुडाले असं कोर्ट मानत नाही. १९९७ च्या वाँग विरुद्ध व्हिझर्ड्स खटल्यात एस्टिमेटवर १५ टक्के सूट देऊन त्यापुढची रक्कम नाकारली होती, आणि तेव्हापासून "१५ टक्क्यांचा नियम" म्हणून लोक ते फेकतात. तो नियम नाही, त्या खटल्याची परिस्थिती होती. नंतरच्या मास्टरसिगार्स खटल्यापासून प्रश्न असा विचारतात: ग्राहक त्या आकड्यावर विसंबला होता का, आणि खरा आकडा वेळेत कळला असता तर त्याने काय वेगळं केलं असतं? याचं उत्तर पुराव्यासकट हवं. त्याच आठवड्यात आलेले दुसऱ्या दोन फर्मचे कोट मेलबॉक्समध्ये पडून असतील तर ते सोनं आहे.

सॉलिसिटरांचं नियमन करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या (एसआरए) आचारसंहितेत परिच्छेद ८.७ आहे: कामाचा भाव कसा लागेल याची शक्य तितकी चांगली माहिती सुरुवातीला द्यायची, आणि काम चालू असताना योग्य वेळी एकूण खर्च किती होईल, आतापर्यंत किती झाला तेही सांगायचं. "काम चालू असताना" यावर बोट ठेवा. पुण्याच्या पैशांची गुंतागुंत तिसऱ्या आठवड्यात कळली असेल, तर तिसऱ्या आठवड्यात ईमेल का आली नाही?

बदलापूर_ते_ब्रिस्टल

फर्मच्या वेबसाइटची जुनी प्रतही काढून ठेवा. ६ डिसेंबर २०१८ पासून निवासी कन्व्हेयन्सिंग (घरखरेदी-विक्रीचं कायदेशीर काम), वाद नसलेलं प्रोबेट, आश्रयाचे दावे सोडून इमिग्रेशन, अशा ठरावीक कामांचे भाव फर्मने साइटवर टाकणं बंधनकारक आहे, व्हॅट आणि डिस्बर्समेंटच्या उल्लेखासकट. तुम्ही काम दिलं त्या महिन्याचं पान इंटरनेट आर्काइव्हवर बरेचदा मिळतं. तिथे "लीजहोल्ड सप्लिमेंट १९५" आणि बिलात ३५० असेल तर पुढचं बोलणं फार लांबत नाही.

आणि करार फोनवर, ईमेलवर किंवा तुमच्या घरी झाला असेल तर २०१३ च्या ग्राहक करार नियमांनी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो. कामाला लगेच लागा असं तुम्ही लेखी सांगितलं नसेल, किंवा त्यांनी या हक्काची माहितीच दिली नसेल, तर त्या १४ दिवसांतल्या कामाचे पैसे मागणं त्यांना जड जातं.

मुकादम

एवढं कशाला? सरळ एसआरएकडे तक्रार ठोका, लायसन्सची भीती बसली की पैसे परत करतात.

टेम्सकाठ

@मुकादम, तिथे बिलाचं काही होत नाही. एसआरए वर्तन बघते: अप्रामाणिकपणा, क्लायंटच्या खात्यातले पैसे वळवणं वगैरे. फी कमी करून देणं तिच्या हातात नाही. लॉ सोसायटी ही तर सॉलिसिटरांचीच संघटना. पूर्वी तिच्यामार्फत रेम्युनरेशन सर्टिफिकेट फुकट मिळायचं, ते २००९ मध्ये बंद झालं, तरी जुन्या लेखांत अजून दिसतं. आणि "पैसे द्या नाहीतर तक्रार करतो" असं लिहिलेलं पत्र पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतात.

एकच अपवाद: बिल किंवा लेखी सूचना न देता तुमच्या क्लायंट अकाउंटमधले पैसे फीपोटी उचलले, तर तो अकाउंट्स रूल्सचा भंग. ती तक्रार एसआरएकडे जरूर करा.

रस्ते दोनच आहेत: लीगल ऑम्बड्समन (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी सोडवणारी यंत्रणा) किंवा कोर्टात बिलाची तपासणी.

हिशेबनीस

ऑम्बड्समनचं मी लिहितो. खर्च शून्य, वकील लागत नाही. व्यक्ती, छोटे व्यवसाय, छोट्या धर्मादाय संस्था आणि मृत्युपत्राचे लाभार्थी जाऊ शकतात.

आधी फर्मकडे लेखी तक्रार. त्यांना उत्तराला आठ आठवडे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ऑम्बड्समन. फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिने, आणि मूळ घटनेपासून किंवा ती लक्षात यायला हवी होती तेव्हापासून एक वर्ष, या दोन्ही मुदती पाळायच्या. २०२३ च्या एप्रिलआधी ही दुसरी मुदत सहा वर्षांची होती, त्यामुळे जुनी माहिती वाचून निवांत बसलेले लोक अडकतात.

ऑम्बड्समन युनिट-युनिट मोजत नाही. खर्चाची माहिती नीट दिली का, सेवा ठीक होती का, फी रास्त होती का, एवढं बघतो. फी कमी करणं, परत द्यायला लावणं, भरपाई, माफी, हे सगळं त्याच्या हातात आहे. भरपाईची कमाल ५०,००० पौंड. अंतिम निर्णय तुम्ही स्वीकारलात तर फर्मवर बंधनकारक, पण मग त्याच मुद्द्यावर तुम्हालाही कोर्टाचं दार बंद. वेळ लागतो, महिने मोजायची तयारी ठेवा. या नमुन्याच्या आकाराच्या बिलाला माझ्या मते हाच रस्ता.

जाण्याआधी फर्म खरंच सॉलिसिटरची आहे का ते बघा. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (सॉलिसिटर नसलेला, घरव्यवहारांचा परवानाधारक) असेल तर ऑम्बड्समन चालतो, पण सॉलिसिटर्स ॲक्टच्या कलम ७० खाली कोर्टात बिल तपासून घ्यायचा रस्ता त्यांना लागू नाही. आणि नुसती "विल रायटिंग" कंपनी, जिला कुणाचंच नियमन नाही, तिथे ऑम्बड्समनही नाही.

टेम्सकाठ

कोर्टाचा रस्ता म्हणजे सॉलिसिटर्स ॲक्ट १९७४, कलम ७०. तारखा भिंतीवर लिहून ठेवा:

बिल मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत अर्ज केला तर तपासणीचा आदेश हक्काने मिळतो.
एक महिना ते बारा महिने: कोर्टाच्या मर्जीवर, आणि अटी लागू शकतात, उदाहरणार्थ आधी काही रक्कम भरा.
बारा महिन्यांनंतर, किंवा बिल भरून टाकलं असेल तर: "विशेष परिस्थिती" दाखवावी लागते.
भरल्यापासून बारा महिने उलटले: संपलं. विशेष परिस्थितीही चालत नाही.

सापळा दिसला? फर्मच्या तक्रार विभागाला आठ आठवडे, आणि तुमच्या हक्काचा महिना चार आठवड्यांत संपतो. "आम्ही तपास करतोय, थोडा धीर धरा" अशा गोड ईमेलमध्ये तो निघून जातो. मोठं बिल असेल तर पहिल्याच पत्रात लिहा की तक्रार चालू असेपर्यंत कलम ७० ची मुदत तुम्ही आमच्याविरुद्ध वापरणार नाही याची लेखी कबुली द्या. नाही म्हणाले तर महिना संपायच्या आत अर्ज.

अर्ज कोर्टाच्या नियमांच्या पार्ट ८ खाली, फॉर्म एन२०८ वर, बहुधा लंडनला स्ट्रँडवरच्या सीनियर कोर्ट्स कॉस्ट्स ऑफिसात. आदेशानंतर २८ दिवसांत सॉलिसिटरने खर्चाची फोड द्यायची, ती मिळाल्यावर १४ दिवसांत तुमचे आक्षेप, त्यावर १४ दिवसांत त्यांचं उत्तर. सुनावणीची मागणी आदेशापासून तीन महिन्यांच्या आत.

आता पाचव्या भागाचा नियम. तपासणीत बिल एक पंचमांश किंवा जास्त कमी झालं तर तपासणीचा खर्च सॉलिसिटरचा. त्याहून कमी कापलं गेलं तर खर्च तुमचा. कोर्ट वेगळं ठरवू शकतं, पण सुरुवात इथून.

रीडिंगकरांच्या बिलात पंचमांश म्हणजे ६२३.८०. (व्हॅट २० टक्के असल्याने तो आकडा बिलावर आयताच छापलेला असतो.) आता समजा आलेल्या ईमेलचे सगळे ६०५ तुम्ही कापून घेतलेत. वाद जिंकलात, आणि १८.८० ने पंचमांश हुकला. दोन्हीकडचा तपासणीचा खर्च तुमच्या अंगावर, जो ६०५ पेक्षा कितीतरी मोठा असणार. म्हणून कोर्टात जायचं तर एका ओळीवर जाऊ नका. ३५०, १९५ आणि ६०५ मिळून १,१५० होतात, योगायोगाने मूळ कोटएवढेच. एवढं धरून गेलात आणि निम्मंच कापलं गेलं तर ५७५ होतात, म्हणजे काठाच्या जरा खालीच, आणि काठही सुरक्षित नसतो.

मोठ्या बिलात बॅरिस्टरची (कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाची) फी किंवा तज्ज्ञांचे पैसे असतील आणि त्यांवर आक्षेप नसेल, तर फक्त सॉलिसिटरच्या स्वतःच्या फीची तपासणी मागता येते. मग पंचमांश तेवढ्याच रकमेवर मोजतात. २०,००० च्या बिलात ९,००० बॅरिस्टरचे असतील तर ४,००० ऐवजी ११,००० वर, म्हणजे २,२०० कापून पुरतं.

रीडिंगकर (धागाकर्ता)

उत्तम. पण घरखरेदीत पैसे आधीच गेलेले असतात. कम्प्लिशन स्टेटमेंटमध्ये फी धरून रक्कम मागतात, आपण भरतो, ते वळते करून घेतात. मग "बिल भरलं" असंच झालं ना?

टेम्सकाठ

यावर २३ ऑक्टोबर २०२४ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने मेन्झीस विरुद्ध ओकवुड या निकालात स्पष्ट केलं. तो अपघात भरपाईचा खटला होता, फी भरपाईतून कापून घेतलेली. कोर्टाचं म्हणणं: कलम ७० पुरतं "भरणं" म्हणजे बिल मिळाल्यावर ग्राहकाने ठरावीक रकमेला दिलेली संमती हवी. करारात "आम्ही फी कापून घेऊ" एवढं असून भागत नाही.

घरखरेदीला लावायचं तर: बिल तुम्हाला मिळालं, रक्कम दिसली आणि तुम्ही "ओके, ट्रान्सफर करतो" म्हणालात, तर ती संमती. बिल मागाहून आलं आणि पैसे आधीच उचलले, तर तुमची बाजू बरी. म्हणून कम्प्लिशनच्या धावपळीतही एक ओळ पाठवा: "कम्प्लिशन अडू नये म्हणून रक्कम पाठवत आहे, अमुक-अमुक फी मला मान्य नाही." या ओळीने सगळं वाचेल असं नाही, पण संमती दिली होती असं म्हणणं समोरच्याला अवघड होतं.

खडूस_कारकून

पैसेच दिले नाहीत तर काय, हेही सांगायला हवं. तीन गोष्टी होतात.

एक, लिएन. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर फी मिळेपर्यंत तुमची फाइल आणि कागद अडकवून ठेवू शकतो. खटला मधेच दुसऱ्याकडे न्यायचा असेल तर हे फार दुखतं.

दोन, व्याज. बिलानंतर महिनाभराने ते सुरू करता येतं.

तीन, वसुलीचा दावा. नियमाप्रमाणे सही केलेलं बिल दिल्यापासून महिना होईपर्यंत दावा लावता येत नाही. काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर १४ दिवसांत उत्तर, पोच फॉर्म भरलात तर २८. गप्प बसलात तर एकतर्फी निकाल आणि क्रेडिट रेकॉर्डवर सहा वर्षांचा डाग. कलम ७० च्या मुदती गेल्या असल्या तरी न भरलेल्या बिलाच्या दाव्यात रक्कम रास्त नाही हा बचाव घेता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मधला मार्ग: मान्य असलेला भाग लगेच द्या. नमुन्यात वादाचे १,१५० वगळून १,९६९ अधिक व्हॅट, म्हणजे २,३६२.८०. ट्रान्सफरच्या संदर्भात बिल नंबर घालून "पार्ट" लिहा. व्याजाचा ओघ आटतो आणि तुम्ही बुडवे नाही हे कागदावर येतं.

मुकादम

लिएन म्हणजे आपल्याकडे वकील फाइल देत नाही तसंच की.

बदलापूर_ते_ब्रिस्टल

उलट आहे. भारतात २००० साली सुप्रीम कोर्टाने आर. डी. सक्सेना निकालात सांगितलं की वकिलाला फीसाठी फाइल अडकवता येत नाही, तसं करणं गैरवर्तन. टक्केवारीने फी घेणंही भारतात चालत नाही. इथे अपघाताच्या दाव्यात भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत सक्सेस फी (जिंकल्यावरची जादा फी) कायदेशीर आहे. मात्र तिकडे ग्राहक मंचाचं दार १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झालं, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. मुंबईत "सॉलिसिटर" अशी पाटी दिसते म्हणून इथला १९७४ चा कायदा तिथे लावू नका, आणि तिथला इथे.

हिशेबनीस

प्रोबेटबद्दल दोन ओळी, कारण तिथे बिलं घरखरेदीपेक्षा मोठी असतात. ताशी दरावर पुन्हा इस्टेटच्या किमतीचा टक्का लावतात. तसं करणं मुळात बेकायदा नाही, २००९ च्या ऑर्डरमध्ये मालमत्तेची किंमत हा एक निकष आहेच. प्रश्न दुहेरी मोजणीचा. इस्टेटचा मोठा हिस्सा म्हणजे एकच घर, वाद नाही, तर टक्का कशासाठी? एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) फर्मच असेल तर लाभार्थ्याला बिल दाखवायचीही टाळाटाळ होते. लाभार्थी ऑम्बड्समनकडे जाऊ शकतो, आणि कलम ७१ खाली कोर्टाकडे तपासणीही मागू शकतो. आधी इस्टेट अकाउंट्स लेखी मागा.

टेम्सकाठ

कोर्टातल्या वादाचं बिल असेल आणि त्यात नुसतीच एक मोठी रक्कम असेल, तर कलम ६४ वापरा: बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत (दावा लागला तर त्याआधी) तपशीलवार बिल मागता येतं. पण सावध राहा, तपशीलवार बिलाची मागणी केली की जुनं बाद होतं आणि नवं मोठं असू शकतं.

रीडिंगकर (धागाकर्ता)

पहिलं पत्र कसं असावं तेवढं कुणी लिहा, मग वर संपादित करून टाकतो.

खडूस_कारकून

एका पानात बसवा. विशेषणं नकोत, "लूट" वगैरे तर अजिबात नको. विषयात "फॉर्मल कंप्लेंट" हे दोन शब्द हवेतच, नाहीतर आठ आठवडे मोजायला सुरुवातच झाली नव्हती म्हणतात. फाइल हाताळणाऱ्याला न पाठवता क्लायंट केअर लेटरमध्ये तक्रारींसाठी ज्याचं नाव दिलंय त्याला पाठवा.

मजकूर: बिलाचा नंबर, तारीख, ते कसं आणि कधी मिळालं. कोटची तारीख आणि आकडा, प्रत जोडून. मग प्रत्येक वादाच्या ओळीला एक वाक्य, उदाहरणार्थ: "लीजहोल्ड सप्लिमेंट ३५०: मालमत्ता लीजहोल्ड असल्याचं मेमोरँडम ऑफ सेलवर होतं, तुमच्या कोटमध्ये ही रक्कम नाही." मग मागण्या: पूर्ण टाइमशीट कामकऱ्याच्या आद्याक्षरांसह, क्लायंट लेजरची (तुमच्या पैशांच्या जमाखर्चाची) प्रत, आणि जादा खर्चाची पूर्वसूचना देणारी प्रत्येक ईमेल किंवा कॉलची नोंद. मग तुमचा आकडा: "२,३६२.८० मान्य, आज भरले." शेवटी कलम ७० च्या मुदतीबद्दलचं वाक्य आणि उत्तराची तारीख.

लेजर मागायला विसरू नका. सर्चचे पैसे बिलात एक आणि लेजरमध्ये सर्च कंपनीला गेलेले दुसरेच, असं तिथेच सापडतं. लँड रजिस्ट्रीच्या रजिस्टरची प्रत ९ डिसेंबर २०२४ पासून ७ पौंडांना मिळते, त्याआधी ३ ला मिळायची. बिलात "ऑफिस कॉपीज ४५" (म्हणजे याच प्रती) दिसलं तर किती प्रती आणि कोणत्या तारखेच्या, ते विचारा.

रीडिंगकर (धागाकर्ता)

वर टाकलं. ४५ भागिले ७ पूर्ण जात नाही हे आत्ता लक्षात आलं.

खडूस_कारकून

३ ने जातं. पंधरा प्रती. एका फ्लॅटच्या.